मुळ्या नसलेला लसूण

थोरल्या काकांची गोणी काट्यावर होती आणि धाकटे काका हसले. झालं ते एवढंच. पण आमच्या घरात एवढ्यावर दोन तास काम बंद पडतं.

"विचार त्याला, काय दिसलं हसायला," थोरले काका मला म्हणाले. धाकटे काका तिथून चार पावलांवर आपल्या गोण्यांना टेकून उभे होते.

"काका, ते विचारतायत, काय दिसलं हसायला."

"त्यांना सांग, गोणी ओली आहे. वजन लसणाचं नाही, पाण्याचं आहे."

"काका, धाकटे म्हणतात..."

"ऐकलं. मी काही बहिरा नाही. त्याला म्हणावं, उपटल्यावर तीन आठवडे सावलीत वाळवलाय मी लसूण. काही जणांना तेवढा धीर नसतो. बापानंच दिला नाही त्यांना."

"बाप एकच होता म्हणावं!" धाकटे काका ओरडले.

मी मापाडी. काट्याला आलेला माल तोलायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, हे माझं काम. निरोप पोचवायचं काम वेगळं, आणि ते मला वडिलांकडून आलं. तीन भावांत माझे वडील मधले. ते होते तोवर थोरल्याचं धाकट्याकडं आणि धाकट्याचं थोरल्याकडं त्यांच्याच तोंडून जायचं. ते गेले आणि जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याबरोबर हेही माझ्या वाट्याला आलं. जमीन कमी आणि निरोप जास्त.

दोघांचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. कारण सांगितलं तर बाहेरच्या माणसाला हसू येईल, म्हणून आम्ही सांगत नाही. पण इथं सांगायलाच हवं. कारण होती एक फळी.

ती आत्याची. आत्या या तिघा भावांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा माहेरी येऊन रडत न बसता तिनं गावाच्या टोकाला लसूण निवडायची शेड घातली. बावीस बायका तिथं बसतात. लसूण येतो, त्या पात कापतात, मुळ्यांची माती झटकतात आणि फळीवरून निवडतात. फळीला तीन भोकं आहेत. लहान भोकातून गड्डा खाली पडला तर तिसरा नंबर, मधल्यातून पडला तर दुसरा, मोठ्यातून पडला तर पहिला. मोठ्यातूनही न पडणाऱ्या गड्ड्याला नंबर नव्हता, कारण आमच्या मातीत तसा गड्डा कधी झालाच नाही.

अकरा वर्षांपूर्वी थोरल्यांचा लसूण पहिल्या नंबरात गेला आणि धाकट्यांचा दुसऱ्या. धाकटे म्हणाले, माझ्या वेळी मधलं भोक घासून मोठं केलं. थोरले म्हणाले, भोक तेवढंच आहे, तुझा लसूणच खुरटा आहे. तेव्हापासून दोन घरांच्या मधे माझं घर.

असं आमचं बरं चाललं होतं. मग परदेशी लसूण आला.

सरकारानं कुठल्याशा देशाबरोबर करार केला. इकडची यंत्रं तिकडं जाणार आणि तिकडचा लसूण इकडं येणार. यंत्रं करणाऱ्यांचं भलं झालं असेल. आमच्या गावात यंत्र करणारा कुणी नाही.

तो लसूण मी पहिल्यांदा शहराच्या बाजारात पाहिला. मुठीएवढा गड्डा, पांढराशुभ्र, साल बोटानं निघते. खालच्या मुळ्या साफ तासलेल्या. आमच्या लसणाला खाली मुळ्यांची दाढी असते. ती आम्ही झटकतो, तासत नाही, कारण तासली की लसूण लवकर सुकतो. चवीला आमचाच तिखट. पण चव घरी गेल्यावर कळते, आकार दुकानातच दिसतो. आणि भाव आमच्या निम्मा.

व्यापारी आधी उशिरा यायला लागले, मग फोन उचलेनासे झाले. त्या वर्षी हंगामाला ऊनही असं पडलं की मातीची ढेकळं कुदळीला दाद देईनात. एवढं करून उपटलेला लसूण शेडमध्ये पडून राहिला. आत्यानं बायकांना दिवसाआड बोलवायला सुरुवात केली. एक दिवस ती शहरातून नवं कुलूप घेऊन आली आणि दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"या हंगामात काही झालं नाही तर लावायला. आयत्या वेळी शोधाशोध नको."

आत्या अशीच बोलते. पण त्या दिवशी शेड झाडताना ती एकाच जागी बराच वेळ झाडू फिरवत होती. तिला मूलबाळ नाही. जे काही होतं ते या शेडमध्ये होतं.

आणि अशात सरकारचं पत्र आलं. करारात म्हणे एक कलम होतं. बाहेरच्या मालामुळं देशातल्या शेतकऱ्याची मोठी हानी झाली असं सिद्ध झालं, तर त्या मालावर काही काळ कर लावता येतो. सिद्ध करायचं ते आम्ही. बघायला एक साहेब येणार होते.

शेडमध्ये सगळे जमले. माझे दाजीही आले होते. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, ओढ्यापलीकडच्या गावचे. त्यांचे तागाच्या गोण्या विणायचे चार माग आहेत. आमचा सगळा लसूण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच गोणीत भरला जातो.

मी पत्र वाचलं. आत्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, "आता नीट ऐका. साहेब येणार आहेत ते आपलं वाईट बघायला. तेव्हा वाईट दाखवा. किडका, खुरटा, मऊ पडलेला, सगळा पुढं ठेवा. नुकसान किती झालं विचारलं की जेवढं झालं तेवढं सांगा. कमी सांगू नका."

आमच्या गावात पाहुणा आला की टोपलीच्या वर चांगला माल ठेवायचा, ही सवय. आजारी माणूससुद्धा 'कसं काय' विचारल्यावर 'झकास' म्हणतो.

थोरले काका खाकरले. "म्हणजे माझा माल वाईट आहे, असं मी म्हणायचं? सगळ्यांसमोर?" सगळ्यांसमोर म्हणताना ते एकाच दिशेला बघत होते.

"त्यांना सांग," धाकटे काका मला म्हणाले, "त्यांना जड जात असेल तर त्यांचा माल वाईट आहे हे मी सांगतो."

"दोघंही गप्प बसा," आत्या म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड झालाय तुम्हाला. शेड बंद पडली तर ते नाक कुठं मिरवणार आहात?"

दाजी हसले. "तुमचं बरं आहे आत्या, साहेब तरी येतोय. आमच्या गोणीला कोण परदेशातून येतंय! आमचं आपलं सुखाचं आहे."

"तुम्ही हसा, जावईबापू," आत्या म्हणाली. "हसायला काही कर नाही."

साहेब आले ते मंगळवारी सकाळी. बारीक अंगाचा, सभ्य माणूस. हातात छापील कागद आणि चिमट्यासारखं एक माप. त्याच्यात वस्तू धरली की जाडी कळायची. गावानं लगेच त्यांचं नाव मोजपट्टी ठेवलं. चहा घेतला, पंखा नको म्हणाले, आणि थेट विचारलं, "प्रत्येकाचा लसूण वेगळा ठेवलाय ना? मला आकार, रंग आणि टिकाऊपणा बघायचाय. बाहेरच्या लसणाशी तुलना करायची आहे."

पहिली टोपली थोरल्या काकांची. त्यांनी वरचं फडकं काढलं आणि मी खाली वाकून बघितलं. मुठीएवढे गड्डे, पांढरे. वर लाल माती चोळलेली. आमची जमीन काळी आहे.

मग धाकट्या काकांनी फडकं काढलं. तिथंही तेच. त्यांनी निदान माती काळी लावली होती.

मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं थोरल्यांच्या टोपलीतला एक गड्डा उचलला, उलटा केला आणि अंगठा फिरवला. खाली मुळ्या नव्हत्या. गुळगुळीत. चाळीस वर्षं तिच्या हाताखालून लसूण गेलाय. तिला काय कळायचं ते कळलं. तिनं दुसऱ्या टोपलीतला उचलला, उलटा केला, आणि दोन्ही गड्डे जागच्या जागी ठेवून दिले.

साहेबांनी एक गड्डा फळीच्या मोठ्या भोकावर ठेवला. तो अडकून बसला. दुसरा ठेवला, तोही अडकला.

"वा!" साहेब म्हणाले. "हा तुमच्या शेतातला?"

थोरल्यांनी धाकट्यांकडं पाहिलं. धाकट्यांनी थोरल्यांकडं पाहिलं. दोघांनी एकमेकांच्या टोपलीकडं पाहिलं, आणि मला वाटतं, तेव्हा दोघांनाही सगळं समजलं. आता एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी काम झालं असतं. पण पहिल्यांदा कोण उघडणार, हाच तर अकरा वर्षांचा प्रश्न होता.

"असाच होतो आमच्याकडं," थोरले म्हणाले.

"याहून मोठाही होतो," धाकटे म्हणाले.

"मग नुकसान?"

"झालं की. म्हणजे... अगदीच काही फार नाही."

"आमचं त्याहून कमी," धाकटे म्हणाले.

साहेब लिहीत होते. त्यांनी आत्याला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

आत्याच्या हाताला दोन्ही टोपल्यांची माती लागली होती, लाल आणि काळी. तिनं ती पदराला पुसली. "जे आहे ते समोर आहे," ती म्हणाली.

मीही गप्प बसलो. माझं काम आकडा सांगायचं. मी दोन्ही टोपल्यांचं वजन मोठ्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं.

साहेब गेल्यावर आत्यानं दोन्ही टोपल्या दारात आणून ठेवल्या.

"कुठून आणला?"

थोरल्यांनी फडकं परत टोपलीवर ओढलं, धाकट्यांनीही.

"वाईट दाखवा म्हटलं होतं मी. सोपं काम होतं. आपल्याकडं वाईट घरचंच होतं, विकत आणायला लागत नव्हतं."

"मग तू का नाही बोललीस, ताई?" थोरले काका म्हणाले.

आत्यानं खिळ्यावरच्या कुलपाकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाहेरच्या माणसापुढं भावांना खोटं पाडू? झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. आता बसू या मूठ झाकून."

पुढं महिन्याभरानं साहेबांचा कच्चा अहवाल आला. मी वाचला. आमच्या गावचा लसूण आकार, रंग आणि वजन या तिन्ही बाबतींत आयात मालाच्या तोडीस तोड आहे. शेतकरी समाधानी आहेत. हानी आढळली नाही. कुणाचा आक्षेप असेल तर शहरातल्या कचेरीत अमुक तारखेला सुनावणी आहे.

"तोडीस तोड कसा नसेल," आत्या म्हणाली. "तोच आहे तो."

त्या दिवशी तिनं बायकांना सांगितलं की सुनावणीनंतर काय ते कळवते, तोवर येऊ नका. बायका लगेच उठल्या नाहीत. एकीनं फळी पुसून भिंतीला उलटी टेकवली. आत्या म्हणाली, उलटी का ठेवतेस, सुलटी ठेव. मग त्या गेल्या.

सुनावणीला आम्ही चौघं गेलो. एका बाकावर थोरले, मधे मी, मग धाकटे. आत्या पुढं, एकटी. खोलीत एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि आवाज करणारा पंखा. टेबलामागं मोजपट्टी साहेब. दुसऱ्या बाजूला लसूण आणणाऱ्या व्यापाऱ्यांचे वकील, गळ्यात टाय.

साहेबांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

आत्या उभी राहिली.

"साहेब, आमच्याकडं तुम्ही मोजलात तो लसूण आमचा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं, पण बोलले नाही. घरातल्यांचं नाक राहावं म्हणून बोलले नाही. ते राहिलं. पण आता दुसरं काहीच राहत नाही. बावीस बायका घरी बसवून आलेय मी."

तिनं पिशवीतून आपला लसूण काढून टेबलावर ठेवला. तीन गड्डे, तीन नंबरांचे. काळपट, दाढीवाले. त्या चकचकीत टेबलावर ते फार लहान दिसत होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

साहेबांनी चष्मा काढला. "मग त्या दिवशीचा कुणाचा होता?"

मी सवयीनं दोन्ही बाजूंना कान दिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला काही सांगायला सांगितलं नाही.

थोरले काका उठले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठल्यावरही हात काढला नाही. "माझ्या टोपलीतला मी आणला होता. इथूनच, शहरातनं. विकत."

"कशासाठी?"

"धाकट्याचा मोठा निघेल म्हणून."

साहेबांना हे नीट समजलं नसावं. त्यांनी धाकट्या काकांकडं पाहिलं. धाकटे काका बसून होते. बसल्या बसल्याच म्हणाले, "माझाही बाहेरचाच." आणि जरा थांबून, "त्यांनी एक गोणी आणली असेल. मी दोन आणल्या."

थोरले काका गर्रकन वळले. "खोटं बोलतोस! दोन गोण्या ठेवल्यास कुठं?"

"माळ्यावर."

"तुझ्या माळ्यावर तर गळतं!"

"पत्रे बदलले. पाच वर्षं झाली. तुम्हाला कुठलं माहीत!"

"पाच वर्षं?" थोरले काका म्हणाले. त्यांचा आवाज उतरला. "कळवायचंस तरी. पत्रे चढवायला माणूस लागतो."

"कुणाकडून कळवायचं?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

साहेबांनी टेबलावर पेन वाजवलं. "पुरावा आहे का काही? पावती?"

दोघांचेही हात एकदम खिशात गेले. उरलेला माल परत करता येईल म्हणून दोघांनीही पावती जपून ठेवली होती. एकच दुकान, एकच दिवस. थोरल्यांची सकाळी अकराची, धाकट्यांची बाराची. गावातून शहरात यायला एकच गाडी आहे, दहाची. म्हणजे दोघं एकाच गाडीनं आले होते आणि एकमेकांकडं न बघता आले होते.

वकील उभे राहिले. "साहेब, याची नोंद घ्यावी. खुद्द लसूण पिकवणाऱ्यांनाही आमचाच माल पसंत आहे. याचा अर्थ तो चांगला आहे."

"चांगला आहेच," आत्या म्हणाली. "वाईट असता तर आम्ही कशाला भ्यालो असतो?"

वकील बसले.

साहेब लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होते. लसणाच्या शेतकऱ्याला आपला माल पुढं करायची लाज वाटली, म्हणून त्यानं आयात माल विकत घेऊन आपला म्हणून दाखवला. मग ते थांबले. "लाज हा शब्द लिहू ना?" त्यांनी खरंच विचारलं.

"लिहा," थोरले काका म्हणाले.

"दोनदा लिहा," धाकटे काका म्हणाले. "आम्ही दोघं आहोत."

परतीच्या गाडीत ते दोघं शेजारी बसले आणि गाव येईपर्यंत पत्र्यांवरून भांडले. किती जाडीचे, कुठून घेतले, फसवलं कसं. मी मागं बसलो होतो. मला फार हलकं वाटत होतं आणि थोडं बेकार झाल्यासारखंही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. परदेशी लसणावर कर. दोन हंगामांपुरता. त्यात आमच्या जबाबांचा वाटा किती, हे कुणी सांगू शकत नाही. देशभर अशा सुनावण्या झाल्या होत्या. पण गावात मात्र थोरल्यांच्या आणि धाकट्यांच्या लाजेमुळंच कर लागला असं मानतात, आणि दोघांचीही हरकत नाही. फक्त कुणाच्या लाजेमुळं जास्त, यावर अजून बोलणं चालू असतं.

व्यापारी फोन उचलू लागले. पहिला ट्रक आला त्या दिवशी बावीसच्या बावीस बायका आल्या. आत्यानं फळी मांडली आणि सगळ्यांना चहा दिला. कुलूप मात्र खिळ्यावरच राहिलं. मी काढायला गेलो तर म्हणाली, "असू दे. दोन हंगामच आहेत. लोखंड काही नासत नाही."

करार म्हणजे शेवटी काटा, आणि मी मापाडी माणूस, त्यामुळं पुढचं समजायला मला अडचण पडली नाही. लसणाच्या पारड्यातून त्या देशाचं काढून घेतलं, ते दुसऱ्या कशात तरी भरून द्यायला हवं होतं. नाहीतर ते आपल्या यंत्रांवर कर लावणार होते. सरकारानं सगळीकडं बघितलं आणि त्यांना गोणी दिली. तागाच्या गोणीवरचा कर माफ.

ती गोणीही आली. हलकी, एकसारख्या विणीची, तोंडाला तयार शिवण. दाजींची गोणी जाडीभरडी, हाताला टोचणारी, पण वर्षानुवर्षं टिकणारी. भाव म्हणाल तर पुन्हा तेच, निम्मा.

एक दिवस दुपारी दाजी शेडमध्ये आले. आत्या निवडत होती, दोघं काका गोण्या भरत होते, मी काट्यावर. दाजी आले ते सरळ भरलेल्या गोण्यांच्या थप्पीवर बसले आणि खिशातून कागद काढला.

"पत्र आलंय," ते म्हणाले. "गोणीची चौकशी आहे. हानी सिद्ध करा म्हणतात. तेच साहेब येणार आहेत, मोजपट्टी."

"मागांचं कसं आहे?" आत्यानं विचारलं.

"चारातले तीन बंद." हे ते हळू म्हणाले. मग ताठ झाले. "पण म्हटलं, साहेब येतोय तर तयारी नको? शेड रंगवून घेतली. चारही मागांना तेलपाणी केलं. साहेब येतील तेव्हा सगळे एकदम चालवून दाखवायचे. सूत उसनं आणलंय तेवढ्यापुरतं. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही आमचा!"

माझी बहीण त्यातल्या एका मागावर बसते. बसायची.

थोरल्यांनी धाकट्यांकडं पाहिलं आणि धाकट्यांनी आत्याकडं. मी दाजींच्या खाली पाहिलं. गोणीची वीण एकसारखी होती आणि तोंडाला तयार शिवण होती.

आता मुठी झाकायची पाळी पुन्हा आमची होती. मला वाटलं, आत्या चहा ठेवायला उठेल.

आत्या उठली, पण चुलीकडं गेली नाही. "जावईबापू, जरा उठता का?"

दाजी उठले.

"ज्यावर बसला होतात ती गोणी तुमची नाही. बाहेरची आहे. गेल्या महिन्यापासून आम्ही तीच घेतोय. तुमच्याकडं निरोप पाठवला होता की यंदा माल कमी आहे. माल कमी नव्हता."

दाजींनी गोणीवर हात फिरवला. विणकराचा हात तो. शिवणीपाशी बोट थांबलं, परत फिरलं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही. मी काट्याची सुई बघत राहिलो. काटा रिकामा होता.

"तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले.

"आम्हीसुद्धा," आत्या म्हणाली. "म्हणून सांगते, माग चालवून दाखवू नका. बंद आहेत तसे दाखवा. आणि हे घेऊन जा." तिनं गल्ल्याखालून गोण्यांची पावती काढून त्यांच्या हातावर ठेवली. "पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक बाहेरची गोणी घेतंय, याहून मोठा पुरावा साहेबांना नाही मिळायचा. मी येते सांगायला."

थोरल्यांनीही खिशातून आपली गोण्यांची पावती काढली. धाकट्यांनीही काढली. कुणाची मोठी, हे या वेळी कुणी बोललं नाही.

दाजींनी तिन्ही पावत्यांची एक घडी केली, पत्रात ठेवली आणि पत्र खिशात ठेवलं. चहा नको म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले, कुलपाच्या खिळ्यापाशी.

"आत्या," त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं, "गोणी चांगली आहे का हो ती?"

आत्यानं हातातला गड्डा मधल्या भोकावर ठेवला. तो खाली पडला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "तेच सांगायचंय साहेबांना."